वीज वाचवणारा डबा आणि कंडेन्सरचं उसनं

आजचं बोलणं एका डब्यावरून निघालंय.

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडे परतली, की आपल्याकडच्या आठवडी बाजारांना जरा बरकत येते. अशाच एका बाजारात, केज तालुक्यात, एक माणूस टेबल मांडून बसला होता. टेबलावर एक छोटी मोटार, एक अँपिअर मोजायचा चिमटा आणि पांढरे डबे. डबा मूठभर आकाराचा, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा, वर हिरवा दिवा. तो मोटार सुरू करायचा, चिमट्यावर तीन अँपिअर दाखवायचा. मग डबा खोचायचा. आकडा पावणेदोनवर यायचा. "बघा ताई, डोळ्यांसमोर! जवळजवळ निम्मी वीज वाचली." किंमत पंधराशे रुपये. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी तोडीच्या पैशातून तिथल्या तिथे एक डबा घेतला.

त्या माणसाने आमच्या बचत गटापुढे दुसरीच गोष्ट ठेवली. गटाने तीस डबे घ्यावेत, नऊशेला एक, आणि आजूबाजूच्या गावांत पंधराशेला विकावेत. म्हणजे सत्तावीस हजार गुंतवायचे. बारा जणींची, महिना शंभर रुपयांची, दोन वर्षांची बचत जवळपास तेवढीच होती. बैठकीत निम्म्या जणी हो म्हणाल्या. उरलेल्यांनी विचारलं, "आधी एक डबा तपासून तर बघू?" त्या तपासण्यातून आम्ही जे शिकलो ते आज सांगतोय.

मावशींचाच डबा मागून आणला. एकीचा पुतण्या आयटीआयला वायरमनचं शिकतो, त्याने तो उघडला. आत एक काळा कंडेन्सर होता आणि हिरवा दिवा लावण्यापुरते चार बारीक भाग. बाकी जागा रिकामी.

आता कंडेन्सर म्हणजे काय? पुस्तकात त्याला धारित्र म्हणतात, कुणी कपॅसिटर म्हणतं, दुकानात कंडेन्सर म्हटलं की लगेच हातात मिळतो. धातूचे दोन पत्रे एकमेकांच्या अगदी जवळ, पण मध्ये वीज न जाऊ देणारा पातळ पडदा. एका पत्र्यावर अधिक वीज जमते, दुसऱ्यावर उणे. दोन्ही एकमेकांना ओढतात, पण पडद्यामुळे भेटू शकत नाहीत, म्हणून तिथेच थांबतात. वाट मिळाली की बाहेर पडतात. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी, १७४५-४६ च्या सुमारास, हॉलंडमधल्या लायडन शहरात पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत अशी वीज साठवली गेली. म्युशेनब्रुक नावाच्या प्राध्यापकांना त्या बरणीचा जबर झटका बसला आणि 'लायडनची बरणी' जगभर गाजली. आपल्या लोणच्याच्या बरणीचीच लांबची बहीण म्हणा.

आज ही बरणी आपल्या घरात जागोजागी आहे. डास मारायच्या बॅटमध्ये आहे, म्हणून तर बटण सोडल्यावरही ती चटका देते. जुन्या रेडिओचं स्टेशन लावायचं चाक फिरवलं की आत कंडेन्सरचेच पत्रे सरकतात. छताच्या पंख्यात तर तो असतोच, त्यावर बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरॅड असं छापलेलं असतं. फॅरॅड हे माप फॅरडे या शास्त्रज्ञाच्या नावावरून आलं. पंख्यात त्याचं काम जात्यावर समोर बसलेल्या जोडीदारणीसारखं. एकीचा जोर संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो, म्हणून जातं अडत नाही. कंडेन्सर पंख्याच्या दुसऱ्या गुंडाळीला जरा वेगळ्या वेळी जोर देतो. तो जुना होऊन कमजोर झाला की पंखा मलूल फिरतो. अशा वेळी नवा पंखा घेण्याआधी वायरमनला कंडेन्सर बदलून बघायला सांगा. शंभर रुपयांच्या आत काम होतं.

म्हणजे कंडेन्सर ही खोटी वस्तू नाही. प्रश्न एवढाच, की त्यातून वीज वाचते का? त्यासाठी आम्ही आधी कंडेन्सरचाच हिशेब मांडला.

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घेतली. १०० मायक्रोफॅरॅडचे दोन सारखे कंडेन्सर घेतले आणि एक साधा मल्टिमीटर. पहिला कंडेन्सर बॅटरीला लावून भरला आणि बाजूला काढला. मीटरवर १२ आले. दुसरा रिकामा, म्हणजे शून्य. मग दोन्ही एकमेकांना जोडले. दोघांवर सहा-सहा आले. आम्ही म्हणालो, बरोबर आहे, बाराचे सहा आणि सहा, काहीच गेलं नाही.

पुतण्या म्हणाला, "आत्या, इथेच गंमत आहे." कंडेन्सरमधली ताकद व्होल्टवर नाही, व्होल्टच्या वर्गावर मोजतात. आधी एकातच बाराचा वर्ग, १४४. आता सहाचा वर्ग ३६, असे दोन, म्हणजे ७२. निम्मी ताकद गेली!

पाण्यावरून बघा. एक हौद बारा फूट भरलेला, शेजारचा तेवढाच हौद रिकामा. तळाशी पाइप जोडला तर दोन्हींत सहा-सहा फूट पाणी होईल. पाणी एक थेंब कमी झालं नाही. पण जे पाणी बारा फुटांवर चढवून ठेवलं होतं ते खाली उतरलं, आणि उतरताना काही काम न करता नुसतं घुसळून शांत झालं. विजेचंही तसंच. जोडताना तारेत आणि छोट्याशा ठिणगीत ती निम्मी ताकद उष्णता होऊन गेली.

मग ती वाचवता येईल का? जुन्या ट्यूबलाइटचा चोक आमच्याकडे पडून होता. चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं. त्याचा स्वभाव कडबा कुट्टीच्या जड चाकासारखा. सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा फिरलं की हात सोडला तरी फिरत राहतं. दोन कंडेन्सरच्या मध्ये हा चोक घातला आणि सोबत एक डायोड. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्ह, एकदा गेलेलं मागे येऊ देत नाही. आता जोडल्यावर वीज सहावर थांबली नाही. चोकच्या जोराने पुढे गेली. दुसऱ्या कंडेन्सरवर नऊच्या आसपास व्होल्ट आले, पहिल्यात तीनच्या आसपास उरले.

हिशेब करा. नऊ आणि तीन, बेरीज बाराच. पण नऊचा वर्ग ८१, तीनचा वर्ग ९, मिळून ९०. आधी ७२ उरले होते, आता ९०. जे फुकट उष्णतेत जात होतं त्यातलं काही परत मिळालं. यालाच ऊर्जा परत मिळवणं म्हणतात. आम्हाला खरंच आनंद झाला. मग आम्ही पुन्हा पुन्हा केलं, तारा आखूड केल्या, जोड घट्ट केले. आकडा थोडा वरखाली झाला, पण १४४ च्या वर कधी गेला नाही, १४४ ला पोचलासुद्धा नाही. जेवढं भरलं त्यापेक्षा जास्त बरणीतून निघत नाही.

मग बाजारातल्या त्या चिमट्यावर अँपिअर कमी कसे झाले? तो माणूस हातचलाखी करत नव्हता. आकडा खरंच उतरत होता. त्याचं कारण उसनवारीत आहे.

समजा तुमच्या घरी रोज सकाळी वाटीभर पीठ उसनं लागतं आणि संध्याकाळी ते परत करायचं असतं. ते आणायला तुम्ही थेट तालुक्याच्या दुकानात जाता. रोज रस्ता तुडवला जातो, पण दुकानदाराच्या वहीत काही चढत नाही, कारण आणलं तेवढं परत गेलं. वहीत चढतं ते फक्त खाल्लेलं पीठ. आता शेजारीण म्हणाली, "अगं, एवढ्यासाठी तालुक्याला कशाला जातेस? माझ्याकडून ने." तर रस्त्यावरची ये-जा थांबली. पण तुम्ही खाता तेवढं पीठ विकत लागणारच.

मोटारीत, पंख्यात, चोकमध्ये वेटोळं असतं. ते चालायला आधी लोहचुंबक तयार व्हावं लागतं. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, त्यामुळे हे चुंबक सेकंदाला १०० वेळा तयार होतं आणि १०० वेळा विरतं. तयार होताना वीज घेतं, विरताना तीच तारेत परत देतं. ही झाली उसनी वीज. पंख्याचं पातं फिरवण्यात किंवा पाणी वर चढवण्यात जी जाते ती खर्चलेली वीज. चिमटा दोन्हींची मिळून वर्दळ मोजतो. शेजारी कंडेन्सर लावला की चुंबकाची उसनवारी त्याच्याशीच चालते. वेटोळं मागतं तेव्हा कंडेन्सर देतो, वेटोळं परत करतं तेव्हा तो घेतो. मागच्या तारेतली वर्दळ कमी होते, म्हणून अँपिअर उतरतात. बाजारातली मोटार रिकामी फिरत होती, पाणी उपसत नव्हती. तिच्या विजेत बहुतेक उसनंच होतं, म्हणून फरक एवढा ठळक दिसला.

पण आपल्या घराचं मीटर युनिट मोजतं, अँपिअर नाही. युनिट म्हणजे खर्चलेली वीज. उसनी वीज त्या वहीत चढतच नाही, मग वाचवणार काय?

हे आम्ही मोजूनच बघितलं, आणि तुम्हालाही बघता येईल. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी किती वेळा लुकलुकला की एक युनिट हे छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० होतं. घरातलं सगळं बंद करून फक्त दोन पंखे पूर्ण वेगाने सुरू ठेवले. पंचाहत्तर वॉटचे दोन, म्हणजे दीडशे वॉट. दहा मिनिटांत पाव युनिटचा दहावा भाग जळतो, म्हणजे हिशेबाने दिवा ८० वेळा लुकलुकायला हवा. एकीने घड्याळ धरलं, दोघींनी वेगवेगळं मोजलं. डब्याशिवाय तीन वेळा मोजलं, ७९, ८०, ८०. डबा खोचून तीन वेळा मोजलं, ८०, ८१, ८०. वाचलं काहीच नाही. उलट डब्याच्या हिरव्या दिव्याला लागते तेवढी चिमूटभर वीज वाढीव.

पुढच्या बाजारी आम्ही त्या माणसाला हे सांगितलं. तो हसून म्हणाला, "ताई, मीटरवर फरक दिसायला तीन महिने लागतात." आमच्यातली एक म्हणाली, "मग चिमट्यावर लगेच कसा दिसला, दादा?" त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. मावशींचे पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर तो आमच्या बाजारात दिसला नाही.

गटाचे सत्तावीस हजार वाचले, पण आम्हाला त्याहून मोठी भीती दुसरीच वाटली. ते तीस डबे आम्ही आमच्या तोंडाने विकले असते. अनोळखी माणसाने फसवलं तर बाई त्याला शिव्या देऊन मोकळी होते. आमच्याकडून घेतलेल्या डब्याने बिल उतरलं नसतं, तर पुढच्या वेळी गटाच्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठ्या उद्योगांना उसन्या विजेचाही भुर्दंड पडतो. आपल्या राज्यात उच्चदाबाच्या ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून उसनी आणि खर्चलेली मिळून होणाऱ्या एकत्र मापावर काढतात. त्यामुळे कारखान्यात योग्य कंडेन्सर बसवला तर बिल खरोखर उतरतं. डबा विकणारा तिथलं खरं आपल्या घरात आणून विकतो.

आता मोबाइलवर फिरणाऱ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. मोटार जनित्राला फिरवते, जनित्राची वीज कंडेन्सरमधून पुन्हा मोटारीला, आणि एकदा फिरवलं की यंत्र कायम चालतं, वर घरालाही वीज देतं! ही आशा फार जुनी आहे. इ.स. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीत आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. चाकाच्या पोकळ आऱ्यांमध्ये पारा अर्धवट भरायचा, तो एका बाजूला सरकत राहील आणि चाक फिरत राहील, अशी कल्पना. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, म्हणजे कन्नडचा घाट उतरला की आपल्या शेजारीच. एवढ्या मोठ्या गणित्याला सुचलेलं चाकसुद्धा कायम फिरत नाही, कारण पारा उतरताना जेवढं देतो तेवढंच त्याला पुन्हा वर चढवायला लागतं, आणि घर्षण आपला वाटा वेगळा घेतं. आमच्या १४४ मधून ९० निघाले, तेच इथेही. त्या ९० वर यंत्र पुन्हा फिरवलं तर पुढच्या फेरीला आणखी कमी, आणि चार-सहा फेऱ्यांत खेळ संपला.

वीज कुठून येते हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. परळीच्या केंद्रात कोळसा जळतो, पाणी लागतं. २०१५ च्या दुष्काळात पाणी नव्हतं म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. नुसत्या कंडेन्सरने वीज निर्माण होत असती, तर परळीची धुरांडी तेव्हाही थंड पडली नसती.

खरी ऊर्जा परत मिळवणारी यंत्रं आहेत, ती एवढा मोठा दावा करत नाहीत. मुंबईची आताची लोकल ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटारी उलट जनित्राचं काम करतात आणि गाडीच्या वेगातला काही भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो. काही भाग, सगळा नाही. विजेवर चालणाऱ्या कित्येक गाड्याही असंच करतात.

मग आपल्या गावात कंडेन्सरचा खरा उपयोग कुठे? शेतीपंपावर. तिथे मोटार मोठी, तार लांब, आणि एका ट्रान्सफॉर्मरवर कित्येक पंप. प्रत्येकाची उसनी वीज ट्रान्सफॉर्मरपर्यंत ये-जा करते, तारा तापतात, शेवटच्या पंपाला दाब कमी मिळतो, एक दिवस ट्रान्सफॉर्मर जळतो. मोटारीजवळच कंडेन्सर बसवला तर ही वर्दळ थांबते. तीन एचपीच्या पंपाला साधारण एक केव्हीएआर, पाच एचपीला दोन केव्हीएआर, असं प्रमाण सांगतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, म्हणून कुणी म्हणेल, बिलच नाही तर कंडेन्सर कशाला? बिल नसलं तरी ट्रान्सफॉर्मर जळला की पाणी बंद होतं, आणि मग डोक्यावर हंडा कुणाच्या येतो ते आपल्याला माहीत आहे. हा फायदा एकट्याने लावून पुरा मिळत नाही. ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनी लावला तर मिळतो.

जोडीने ऑटोस्विच काढायला सांगा. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट अँपिअर ओढते, आणि तो एकदम आलेला भार ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही. थ्री फेज मोटार दोन फेजवर कंडेन्सर लावून चालवणं हाही घातक प्रकार. मोटार फिरते, पण आतून तापते, आणि गुंडाळी जळते.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. या सगळ्या प्रयोगांच्या आधीची गोष्ट आहे. आमच्यातल्या एकीने बोअरच्या मोटारीची पेटी बिघडली म्हणून मेन स्विच बंद केला, कंडेन्सर काढला आणि त्याच्या दोन टोकांना हात लागला. हात असा झिडकारला गेला की कोपर भिंतीवर आपटलं. जीव वाचला, पण मेन स्विच बंद म्हणजे वीज बंद, एवढंच आम्हाला तोवर माहीत होतं. बरणीत भरलेलं बरणीत राहतं. काढून ठेवलेल्या कंडेन्सरलाही हात लावू नका, लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका. तो टेस्ट लॅम्पने रिकामा करणं वायरमनचं काम आहे, पेचकस टेकवून ठिणगी पाडणं आपलं नव्हे. कुणाला आमचा प्रयोग करायचाच असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरच करा आणि कंडेन्सरचे अधिक-उणे बघून लावा, उलट लावला तर तो फुटतो. घरच्या २३० व्होल्टवर हे कधीही करायचं नाही.

लाल दिवा मोजायला मात्र काही धोका नाही. दारातल्या मीटरसमोर बसायचं आणि घड्याळ धरायचं. मावशींचा उघडलेला डबा आम्ही रेडिओ केंद्रात ठेवलाय, कुणाला आत काय आहे ते बघायचं असेल तर या. आणि तुमच्या गावात असाच दुसरा डबा विकायला आला असेल, तर दहा मिनिटं मोजून तुमचे आकडे आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ते वाचून दाखवू.